वेगाचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो आहे, मदत हवी आहे

घाटमाथा:
माझ्या जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा काही महिन्यांपासून प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवत आहे. मोबाइलच्या जीपीएसवर ८५ दिसत असताना काटा ८० वर असतो, आणि चाळिशीच्या आत तर तो सारखा थरथरतो. एक मेकॅनिक संपूर्ण मीटर बदला म्हणतो, तर दुसरा केबल बदला म्हणतो. गाडीचे पासिंग तोंडावर आले आहे, त्यामुळे नेमके काय बदलायचे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सरळमार्गी:
गाडी कोणती, कोणत्या सालची आणि टायर कोणत्या मापाचे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. जीपीएसचा आकडा तुम्ही कुठे पाहिला, हेही सांगा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात तो विश्वासार्ह असतो. वळणावळणांच्या घाटात किंवा बोगद्यात नसतो.

वंगण:
केबलच पाहा. माझ्या चेतकचा काटा असाच नाचत असे. तिची केबल पुढच्या चाकापासून वर येते, आणि ती साफ करून ग्रीस लावल्यावर काटा स्थिर झाला. मीटरवर पैसे घालवू नका.

सरळमार्गी:
थरथरण्यापुरते वंगण यांचे म्हणणे मान्य आहे. कोरडी केबल अडखळत, झटके देत फिरते आणि ते झटके काट्यावर दिसतात. परंतु केबल खालून जितके फेरे घेते तितकेच वर पोहोचवते. मधल्या मध्ये फेरे गळत नाहीत. म्हणून काटा स्थिर असतानाही कायम कमी दाखवत असेल, तर त्याचा दोष केबलला देता येणार नाही.

चुंबकसूची:
दोष मीटरच्या आत असू शकतो. केबलच्या टोकाला चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती ओढली जाते, तर केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे तोल साधतो, तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना पुढे अनेक दशके जगभरच्या गाड्यांत राहिली. वर्षानुवर्षांनी चुंबक क्षीण झाला की काटा कमी दाखवतो आणि स्प्रिंग सैलावली की जास्त.

प्रवासी_पाखरू:
जुनी गाडी विकत घेताना मीटरवरील किलोमीटरवर कधीच विसंबू नये. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज पाहून गाडी किती चालली आहे, याचा अंदाज घ्यावा.

घाटमाथा:
मला गाडी विकायचीही नाही आणि घ्यायचीही नाही. गाडी १९९६ची मारुती ८०० आहे. आकडे पुणे-सोलापूर महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर पाहिले. टायर दिवाळीत बदलले. दुकानदाराने आल्टोचे बसवले, बाराचीच रिम असल्याने काही फरक पडत नाही, असे तो म्हणाला. बाजूवर १४५/८० आर १२ असे लिहिले आहे.

सरळमार्गी:
हेच तर हवे होते. ८००चे टायर १४५/७० आर १२ असतात, म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १२ इंचांची. रिम तीच असली तरी टायरची उंची वेगळी आहे. तुमच्या मूळ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर, तर आताच्या टायरचा सुमारे ५३७ मिलिमीटर भरतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी जवळजवळ पावणेसहा टक्के जास्त अंतर कापते, पण गिअरबॉक्समधून निघणाऱ्या केबलला ते कळत नाही. काटा ८० वर असताना खरा वेग ८५च्या जवळ जाणार. मीटरला हात लावू नका.

चुंबकसूची:
हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा आहे. कारखान्यातून काटा बहुधा थोडा पुढेच लावलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार तर काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचेच नसते. जास्तीची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी इतकी आहे. मुळात काटा पुढे असेल, तर मोठ्या टायरने तो खऱ्या वेगाच्या आसपास यायला हवा होता, ५ किमी मागे नव्हे.

सरळमार्गी:
मग दोन्ही दोष वेगळे करून पाहू. किलोमीटरचे आकडे दातेरी चक्रांवर फिरतात. तिथे चुंबकाचा संबंध येत नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ते ताडून पाहा. तिथे साडेपाच टक्क्यांच्या आसपास घट आली, तर तेवढी टायरची. काट्यात त्याहून जास्त घट असेल, तर उरलेली मीटरची.

घाटमाथा:
आज ताडून पाहिले. दगडांप्रमाणे २० किमी झाले तेव्हा मीटरवर १८.९ झाले होते.

सरळमार्गी:
म्हणजे साडेपाच टक्के घट, ती टायरचीच. पासिंगपूर्वी मूळ मापाचे टायर बसवून घ्या.

चुंबकसूची:
काट्याची घटही साधारण तेवढीच आहे, म्हणजे टायर बदलल्यावर तो जीपीएसच्या बरोबरीने चालेल. मूळचा थोडा पुढेपणा चुंबकाच्या वयाने खाल्ला असावा, असे माझे मत कायम आहे. पण तेवढ्यासाठी मीटर उघडू नये. नवे टायर बसल्यावरही काटा मागे राहिला, तरच उघडावा.

वंगण:
थरथरीसाठी केबलच्या आतली तार बाहेर काढून रॉकेलने धुवा आणि पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा. ग्रीस वर चढून चुंबक आणि वाटीच्या मधे गेले की वाटी चुंबकाबरोबर ओढली जाते आणि काटा भलताच पुढे जातो. केबल परत बसवताना तिला कुठेही तीव्र वळण देऊ नका.