बाबांना स्टेंट बसला, आता मठ्ठा पुरे की प्रोबायोटिकच्या कॅप्सूल?

कपाशीवाला, दारव्हा
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर बाबांना नागपूरला नेऊन स्टेंट बसवला. वय ६४, बीपीची गोळी आधीपासून आहे. आता रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळीही लागली. परवा मेडिकलमध्ये काउंटरवरच्या पोराने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पुढे केल्या. म्हणे, पोटातले चांगले जंतू वाढले की हृदयाच्या नळ्या साफ होतात. महिन्याचा खर्च ऐकून मी थांबलो, कापसाचा पैसा अजून हाती नाही. पण बाबांना खरंच फायदा होत असेल तर कुठूनही करीन. घरी म्हैस आहे, ताक असतंच. आई सकाळी आंबील करते, दुपारी कढी. मग जंतू घरचेच मिळतात ना? आणि पोटाचा हृदयाशी संबंध तरी कसा? बाबांना रविवारी मटण लागतं, त्याचंही सांगा.

निवृत्त सिस्टर, वर्धा
भाऊ, संबंध आहे. पण नळ्या साफ होतात हे खरं नाही.

मटणातलं कार्निटिन आणि अंड्याच्या बलकातलं कोलीन यांपासून आतड्यातले काही जंतू टीएमए नावाचा पदार्थ बनवतात. यकृतात त्याचं टीएमएओ होतं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये हे हृदयविकाराशी जोडून दाखवलं. २०१३ मध्ये त्यांनीच चार हजारांवर रुग्णांची तीन वर्षांची माहिती मांडली. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा आणि मृत्यू जास्त दिसले. पण टीएमएओमुळेच हे होतं असं अजून ठरलेलं नाही. तरी बाबांचं मटण दर रविवारऐवजी कधीमधी करा, आणि रस्स्यावरची तर्री काढून वाढा.

दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. ज्वारी, तूर, जवस, पालेभाजी यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत, ते जंतू खातात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार होतात. त्यांनी आतड्याचं अस्तर चांगलं राहतं आणि अंगातली सूज कमी व्हायला मदत होते. त्यामुळे नवे जंतू विकत आणण्याआधी पोटात आहेत त्यांना जेवू घाला. जवसाची चटणी तुमच्याकडे होतच असेल.

कॅप्सूलचं म्हणाल तर २०१४ मध्ये नऊ चाचण्यांचा, ५४३ लोकांचा एकत्र हिशेब झाला. बीपीचा वरचा आकडा सरासरी साडेतीनने उतरला, तोही आठ आठवडे किंवा जास्त घेतल्यावर. एवढ्यासाठी उसनवारी करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये हे काम रक्त पातळ करायच्या गोळीचं आहे. ती एक दिवसही चुकू देऊ नका, हे कळकळीने सांगते.

अचलपूरची सून
दादा, कढी उकळली की ताकातले जंतू मरतात. आंबिलीचंही तेच, पीठ रात्रभर ताकात आंबतं खरं, पण सकाळी आपण ते शिजवतो. मामंजींसाठी मी आंबील कोमट होऊ देते आणि मग वरून ताजं ताक घालते. लोणी पूर्ण काढलेलं ताक घ्या, म्हशीचं आहे ना.

मिठाकडे मात्र लक्ष द्या. मठ्ठा, ठेचा, लोणचं, पापड, सगळीकडून जातं ते. २०१७ मध्ये उंदरांना खारट चारा देऊन पाहिलं, तर पोटातले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू कमी झाले आणि बीपी वाढलं. मी मठ्ठ्यात भाजलेलं जिरं आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकते, मीठ नाही. मामंजी पहिले रुसले, आता मागून घेतात.

कपाशीवाला, दारव्हा
ताई, सिस्टर, खूप आधार वाटला. कॅप्सूल राहू देतो. आमच्या काकांची हृदयाची झडप बदलली आहे, त्यांनाही हेच सांगू का?

निवृत्त सिस्टर, वर्धा
नाही भाऊ, त्यांचं वेगळं आहे. कृत्रिम झडपेवर जंतू बसण्याची भीती असते. प्रोबायोटिकमधल्या लॅक्टोबॅसिलसचाही असा संसर्ग क्वचित झालेला आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊच नये. शिवाय रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवूही नये आणि बंदही करू नये, त्यातल्या व्हिटॅमिन ‘के’मुळे गोळीचा असर बदलतो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचा, कागद सोबत न्या.