नदी पुण्याच्या हद्दीत संपत नाही

पुण्याच्या नदीसफाईवरच्या या चर्चेत, पैसा नाही म्हणून मुळा-मुठा साफ होत नाही, असं म्हटलं गेलं; ते मला पटलं नाही. नदीचं प्रदूषण रोखण्याचा ९९० कोटींचा प्रकल्प जानेवारी २०१६ मध्येच मंजूर झाला होता. ८५ टक्के वाटा केंद्राचा, तोही जपानच्या 'जायका' या सरकारी मदतसंस्थेकडून मिळालेल्या कर्जातून. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं व्हायची होती, पण पायाभरणीलाच मार्च २०२२ उजाडला आणि तोवर खर्च १४७० कोटींपलीकडे गेला.

नदीच्या कामात लोकसहभाग हवा म्हणताना या चर्चेत सगळे पुणेकरांपुरतंच बोलताहेत. हे पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनी धरणात साठतं. आमची शेती त्याच पाण्यावर आहे. जलपर्णीत अडकलेली मासेमाऱ्यांची जाळी मी दरवर्षी बघतो. आमच्या गावात आजवर एकही सुनावणी झालेली नाही. निधीचा हिशोब मांडताना उजनीकाठच्या ग्रामसभांनाही बसवा ना!