उभ्या अक्षावर पोट्टे तक्त्यातलेच आकडे लिहितात, काय करावं?

खडू_डस्टर
जि.प. शाळा, सातवी. स्तंभालेखासाठी पटाचा तक्ता दिला: पाचवी १२, सहावी १९, सातवी ३१, आठवी ३४. निम्मे पोट्टे उभ्या अक्षावर १२, १९, ३१, ३४ हेच सारख्या अंतरावर लिहितात. स्तंभ जिन्यासारखे चढतात, ३१ आणि ३४ मधला फरक १९ आणि ३१ एवढाच दिसतो. "प्रमाण घ्या" म्हटलं की कोपऱ्यात "१ सेमी = ५" लिहून मोकळे!

मापपट्टी
आडव्या अक्षावर इयत्ता सारख्या अंतरावर लिहिल्या ना, तीच रीत ते उभ्या अक्षावर लावतात. त्यांच्या लेखी तीही यादीच.

आलेख कागद दोन तासिका कपाटात ठेवा. रिकाम्या आगपेट्या घ्या, सगळ्या एकाच मापाच्या, एक पेटी = ५ मुलं. पाचवीच्या दोन पेट्या लावल्या की २ मुलं उरतात. ती कुठं बसवायची यावर वर्गात वाद होऊ द्या, पेटीचे पाच भाग करायचं पोरंच सुचवतात. मग त्या रचनेशेजारी फळ्यावर ०, ५, १० असं ३५ पर्यंत आखा.

कागदावर येताना तक्ता झाकून ठेवा. फक्त सर्वांत मोठा आकडा सांगा, ३४. त्याला मिळणाऱ्या उंचीनं भागायचं आणि १, २, ५, १०, २० यांपैकी उत्तराच्या लगेच वरचा आकडा घ्यायचा. उंची ८ सेमी असेल तर ४.२५ येतात, म्हणून ५. (३ चं प्रमाण घेऊ नका, एक बारीक घर ०.३ होतं आणि पोरं तिथंच अडकतात.) अक्ष पूर्ण आखून झाल्यावरच तक्ता उघडायचा. १२ म्हणजे २ सेमी आणि ४ बारीक घरं.

पावसाळी_नोंद
झाकलेला तक्ता चांगला उपाय आहे. पण महिनावार हजेरी देणार असाल तर जपून. आपल्याकडं विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस भरते, त्यामुळे बेरीज घेतली की जूनचा स्तंभ ठेंगणा, आणि निष्कर्ष "जूनमध्ये मुलं गैरहजर". रोजची सरासरी घ्या.

त्यापेक्षा पाऊस बरा. सरळ बाजूंची प्लास्टिक बाटली वरून कापून तोच तुकडा उलटा बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथवर आधी पाणी भरून तिथं शून्याची खूण करा. रोज एकाच वेळी वाचा; हवामान खातं सकाळी ८.३० ला वाचतं.

खडू_डस्टर
उभा अक्ष शून्यापासूनच हवा का? आणि कापसाच्या वेच्यांचा वृत्तालेख चालेल का?

मापपट्टी
स्तंभाची लांबीच किंमत सांगते, म्हणून स्तंभालेख शून्यापासूनच. ३० पासून सुरू केला तर ३४ चा स्तंभ ३१ च्या चौपट दिसेल. मे महिन्याच्या तापमानाचा रेषालेख ४० पासून चालतो, फक्त अक्ष तोडल्याची नागमोडी खूण हवी.

वेचे एकामागून एक येतात, तिथं स्तंभालेखच. वृत्तालेख एकाच वेळच्या वाटणीसाठी. समजा ४० एकरांत कापूस १८, सोयाबीन १२, तूर ६, बाकी ४. दर एकरी ९ अंश, म्हणजे १६२, १०८, ५४, ३६. शेवटचा कोन आखायचा नाही, उरलेला मोजायचा. ३६ च्या जागी ३३ निघाला तर आधीच्या तिघांपैकी कुणीतरी ३ अंश खाल्ले.