मल्ल पाणी सोडतो तेव्हा वस्तादाने काय करावे?

प्रश्न : एक प्रशिक्षक, खानापूर तालुका

आमच्या तालमीतील १९ वर्षांचा मल्ल फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात खेळतो. पण वर्षभरात त्याचे नेहमीचे वजन ६२ किलोंवर गेले आहे. राज्य निवड चाचणी १२ दिवसांवर आली आहे. काल सकाळी प्लास्टिकचा सूट घालून धावताना तो चक्कर येऊन बांधावर बसला, तेव्हा आदल्या दुपारपासून त्याने पाण्याचा थेंबही घेतला नसल्याचे कळले. गट बदलू या, असे म्हणताच तो उठून गेला. वडील म्हणाले, “वस्ताद, एवढी वर्षे खुराक पुरवला तो याच दिवसासाठी.” त्या खुराकापायी त्यांनी जोडीतला एक बैल विकला आहे, हे ठाऊक असल्याने मला त्यांना उत्तर देता आले नाही. मी त्याचे नाव परस्पर मागे घ्यावे का?

उत्तर : निपाणी

पाणी आणि सूट आजच बंद करा. त्यासाठी कोणाच्याही संमतीची वाट पाहू नका. शरीरातील पाणी आटले की घाम कमी होऊन उष्णता आतच साठते आणि हृदयावर ताण येतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली.

उत्तर : शहापूर, बेळगाव

“पाणी बंद करा” असे घाईत लिहिले गेले असावे. बंद करायचे ते पाणी तोडणे. बाकी मी सहमत आहे. अमन सेहरावतने पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुमारे १० तासांत ४.६ किलो वजन उतरवून ५७ किलो गटातच कांस्यपदक मिळवले, हे उदाहरण मुले आपल्याला देतात. पण ते वजन अनुभवी प्रशिक्षकांनी रात्रभर सोबत जागून उतरवले होते. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. तिचा मूळ गट ५३ किलोंचा. ५० मध्ये उतरण्याचा निर्णय कितीतरी महिने आधी झाला होता. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न १२ दिवसांचा नसून, वाढत्या वयाच्या मुलाचे वजन आपण वर्षभर लिहून ठेवले होते का, हा आहे.

उत्तर : येळ्ळूर

वस्ताद, नाव परस्पर मागे घेऊ नका. माझ्या तरुणपणी एका प्रशिक्षकांनी मला न विचारता यादीतून वगळले. त्यांचा निर्णय योग्य होता, हे मला आज पटते, पण त्यानंतर मी दोन वर्षे कोणालाही दुखणे सांगितले नाही. आधी मुलाशी एकट्याने बोला, वडील समोर असताना तो माघार घेणार नाही. ६१ चा गट आहे, मात्र तो ऑलिंपिकमध्ये नाही, तिथे ५७ नंतर थेट ६५ येतो, हेही त्याला स्पष्ट सांगा. मग डॉक्टरांना दाखवून वडिलांकडे जा, आणि बैलाचा विषय टाळू नका. त्यांचा त्याग तुम्हाला माहीत आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

प्रश्नकर्ता

आज त्याने दोन तांबे पाणी प्यायले आणि वजन ६२.४ भरले. उद्या डॉक्टरांकडे जाऊन, त्यांनी खेळण्यास संमती दिली तर ६१ साठी नाव बदलता येते का, हे विचारणार आहे. वडिलांकडे संध्याकाळी जातो.