जुन्या इमारतीतला शिशाचा रंग: तपासायचा कसा, काढायचा कसा? सल्ला हवा

तिसरा_मजला:
इमारत जुनी. घरात सहा लाकडी खिडक्या, चार दारं, जिन्याला लोखंडी कठडा. लाकडावर ऑइलपेंटचे पाच-सहा थर, खिडक्यांच्या खालच्या पट्टीला पोपडे सुटलेत. भिंतींना डिस्टेंपर, पण कमरेपर्यंत जुन्या ऑइलपेंटचा पट्टा. घरात दीड वर्षाचं मूल आहे. शिसं आहे का हे खात्रीनं कसं कळेल, आणि असेल तर काय काढायचं, काय ठेवायचं? खिडक्या बदलण्याइतकं बजेट नाही. तपासणी नीट किंवा काम नीट, दोन्हीपैकी एकच परवडेल. हे धरून सांगा.

सागवानी:
खिडक्या बदला. पल्ला चौकटीला घासतो तिथे रंगाची पूड रोज तयार होते. वरून कितीही रंग द्या, महिन्याभरात घासून खालचा थर पुन्हा उघडा. आम्ही सगळ्या बदलल्या, डोक्याचा ताप गेला.

तिसरा_मजला:
बदलणं शक्य नाही असं वर लिहिलंय.

थरावर_थर:
आधी टेस्ट किट आणा. रोडायझोनेटचं किट शिसं असेल तर गुलाबी-लाल होतं. नुसत्या वरच्या थरावर घासू नका, तिथे नवा रंग असतो. धारदार सुरीनं तिरकी खाच मारा, सगळे थर नि खालचं लाकूड दिसायला हवं, मग त्या कडेवर चोळा.

पिवळी_चौकट:
किटवर अख्खा निर्णय सोडू नका. लाल रंगावर तोच रंग बोळ्याला लागतो आणि शिसं आहे असं वाटतं. जिप्सम प्लास्टरवर सल्फेटमुळे रंग उमटतच नाही, म्हणजे शिसं असूनही "नाही". क्रोम पिवळ्यातलं लेड क्रोमेट सहज विरघळत नाही, तिथेही चुकतं. सल्फाइडचं किट काळं पडतं, पण ते इतर काही धातूंनीही काळं पडतं.

थरावर_थर:
लाकडावर चालतं. खिडक्या लाकडाच्याच आहेत ना?

पिवळी_चौकट:
भिंतीचा पट्टा आहे की. आणि किटनं प्रमाण कळत नाही.

मोजमाप:
एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणारं) यंत्रवाला बोलवा. रंग न खरवडता प्रति चौरस सेंटिमीटर किती मिलिग्रॅम ते सांगतो. अमेरिकेत जुन्या घरासाठी १ मिलिग्रॅम किंवा वजनाने ०.५ टक्के (५००० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५००० भाग) ही रेषा आहे. प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक वेगळ्या भागाचं वेगळं रीडिंग घ्यायला लावा: पल्ला, चौकट, खालची पट्टी, दार, कठडा. एकाच खिडकीची चौकट जुनी आणि पल्ला नंतरचा असू शकतो. शिशाचे क्ष-किरण दोन प्रकारचे मोजता येतात, एल-रेषा आणि के-रेषा. यंत्र फक्त एल-रेषेवर मोजत असेल तर खूप थरांखालचं शिसं कमी दाखवतं, के-रेषा खोल जाते. हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा, सगळे थर, लाकडापर्यंत. पीपीएममध्ये उत्तर हवं असेल तर लाकूड-प्लास्टर सोबत जाऊ देऊ नका, वजन वाढून आकडा खोटा कमी येतो.

ऑइलपेंट_विरोधी:
५००० कसले? मर्यादा ९० पीपीएम आहे.

मोजमाप:
९० ही नव्या डब्यातल्या रंगाची मर्यादा. भिंतीवरच्या जुन्या रंगाची व्याख्या वेगळी.

ऑइलपेंट_विरोधी:
मग ४००० पीपीएमचा रंग कोरडा घासला तर तो सुरक्षित का? मुलाच्या हाताला व्याख्या चिकटत नाही, पूड चिकटते.

मोजमाप:
सुरक्षित म्हणत नाही. कोरडं घासणं कुठल्याच आकड्याला करू नये.

सागवानी:
म्हणून म्हणतो, खिडक्या बदला.

लांबी_पट्टी:
काढणीबद्दल. ब्लोलॅम्प नकोच. हीटगनही जपून: ११०० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ५९३ सेल्सियस) वर शिशाची वाफ होते, म्हणून त्याच्या वर मनाई असते. मी बरीच खाली ठेवतो, रंग फुगला की पट्टीनं उचलायचा, करपू द्यायचा नाही. डिस्क ग्राइंडर, वायर ब्रश, कोरडा पॉलिश पेपर घरात आणूच नका.

कॉस्टिक पेस्टनं जाड थर एका दमात निघतात, पण लाकडात अल्कली मुरते. सौम्य ॲसेटिक ॲसिडनं पुसून, पाण्यानं धुऊन, पीएच कागद ७ च्या आसपास आला तरच नवा रंग द्या. नाहीतर सहा महिन्यांत पापुद्रे. ॲल्युमिनियमला कॉस्टिक लावूच नका. पल्ले काढून टाकीत बुडवायला पाठवाल तर सरसाचे सांधे सुटतात, फळ्या वाकतात. मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर बंद खोलीत जीव घेऊ शकतो, तो विसरा. बेन्झिल अल्कोहोलचा बरा, वेळ मात्र घेतो.

रेडलेड:
कठड्याकडे कुणी बघतच नाही! लोखंडावर शेंदरी प्रायमर दिसला तर ते रेडलेड (गंज थांबवायला लावायचा शिशाचा रंग) समजा. तिथे पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. सुटलेलं तेवढं ओलं करून खरवडा, पाणी लगेच पुसा (नाहीतर तासाभरात गंज), त्यावर प्रायमर आणि दोन हात. मूल कठडा चावतं का ते बघा, चावत असेल तर तेवढ्या उंचीला पॅनल लावा.

थरावर_थर:
ओलं म्हणजे नेमकं किती?

रेडलेड:
फवारणीच्या बाटलीत पाणी, एक-दोन थेंब भांड्यांचा साबण. पृष्ठभाग ओला दिसेल इतकं, ओघळ नको. खरवडताना दर मिनिटाला पुन्हा.

मोजमाप:
+१. आणि पूड बाहेर जाऊ नये म्हणून: कामाच्या जागेपासून चारी बाजूंना किमान २ मीटर जमिनीवर जाड पॉलिथिन (०.१५ मिलिमीटर), कडा टेपनं बंद. पंखे, एसी बंद. मूल आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नको. एन९५ ही तळाची पायरी, हाफ-मास्कला पी१०० फिल्टर चांगला. कपडे वेगळे धुवा.

हेपावाले:
व्हॅक्यूमचं कुणी सांगितलं नाही. साध्या व्हॅक्यूमला हेपा फिल्टर बसवून चालत नाही. हवा फिल्टरच्या कडेनं निसटते आणि बारीक पूड मागून खोलीभर. यंत्रच हेपाचं हवं, ०.३ मायक्रॉनच्या कणांना ९९.९७ टक्के अडवणारं. आमच्याकडे आहे ते महाग पडलं पण सोन्यासारखं आहे. क्रम: व्हॅक्यूम, ओल्या फडक्यानं पुसणं, वाळलं की पुन्हा व्हॅक्यूम. वरून खाली, आतून दाराकडे. धुण्याची बादली वेगळी, खळबळण्याची वेगळी.

सागवानी:
एवढं यंत्र विकत घ्यायच्या पैशात दोन खिडक्या येतात.

पिवळी_चौकट:
भिंतीच्या पट्ट्याबद्दल: रंग घट्ट असेल तर खरवडू नका. त्यावर बोर्ड ठोकून कडा सीलंटनं बंद करा आणि मागे "आत शिसं" लिहून ठेवा, पुढच्या रंगाऱ्यासाठी. ड्रिलनं भोक पाडायचं तिथे आधी शेव्हिंग फोमचा गोळा लावा, पूड त्यात अडकते. साधा इमल्शन म्हणजे एन्कॅप्सुलंट (शिशाचा रंग आत कोंडून ठेवणारा खास लेप) नव्हे. खरा एन्कॅप्सुलंट लावायचा तर आधी छोट्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर फुली कापून ओढून बघा. खालचा रंग सोबत आला तर तिथे लावायचाच नाही. आणि घासणाऱ्या भागावर तर कधीच नाही.

मोजमाप:
शेवटी पूस-चाचणी करा, म्हणजे उरलेल्या धुळीत किती शिसं आहे ते कळेल. सफाईनंतर एक तास थांबून ३० बाय ३० सेंटिमीटर जमिनीवर टेपचा चौकोन, त्यात ओला वाइप आडवा, घडी करून उभा. लॅबला पाठवा, सोबत एक न वापरलेला वाइपही. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमात प्रति चौरस फूट जमिनीला ५, खिडकीच्या आतल्या कट्ट्याला ४०, खाचेला १०० मायक्रोग्रॅम.

तिसरा_मजला:
सगळ्यांचे आभार. ठरलंय: आधीची तपासणी करणारच नाही. सगळा जुना ऑइलपेंट शिशाचा आहे असं धरून काम करणार, कारण "नाही" असं उत्तर येऊनही मी कोरडं घासणार नव्हतेच. ते पैसे शेवटच्या पूस-चाचणीला ठेवते. खिडक्या बदलत नाही आणि पूर्ण सोलतही नाही. पल्ल्यांच्या घासणाऱ्या कडा आणि चौकटीची खाच तेवढी ओली खरवडून लाकडापर्यंत, बाकीचे पोपडे दाबून सील. पट्ट्यावर बोर्ड. कठड्याचं रेडलेड म्हणतात तसंच. हेपाचं यंत्र चार दिवस भाड्यानं. मूल तोवर आजीकडे.

सागवानी:
खाचेत रंग उरेल. बघा हं.

लांबी_पट्टी:
उरू देऊ नका. खाचेला त्रिकोणी पाती वापरा, सरळ पट्टी कोपऱ्यात पोचत नाही. आणि कडा वाळल्यावर पल्ला बंद करून बघा, चिकटत असेल तर रंधा मारताना आधी पुन्हा ओलं.