डायबेटिसमुळे किडनीवर परिणाम, चिनी जडीबुटीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

प्रश्न | सायली_क
बाबांना १८ वर्षं शुगर आहे, आता लघवीतून प्रोटीन जातंय, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतल्या प्रोटीनचं माप) ६४० आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४१. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालूच होती, दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची आणि किडनी जपणारी गोळी चालू केली, ती चालू केल्यावर ईजीएफआर ४५ चा ४१ झाला म्हणून भाऊ म्हणतोय ह्या गोळ्यांनीच किडनी जातेय, त्या बंद करून तीन महिने चिनी कॅप्सूल देऊ. नातेवाइकांनी पाकीट पाठवलंय, त्यावर सगळं चिनीत, आतल्या कागदावर फक्त एका मुळीचं चित्र. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, मला खूप भीती वाटतेय.

उत्तर | निखिल७८
ताई, आधी गोळ्या बंद करू देऊ नका. डापाग्लिफ्लोझिन चालू केली की पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतोच, कारण किडनीच्या गाळण्यांमधलं जादा प्रेशर कमी होतं, नंतर तो बराच काळ टिकून राहतो. माझ्या आईचंही असंच झालेलं, आम्हीही घाबरलो होतो. ह्याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनची मोठी चाचणी २०१९ मध्ये आली, ४४०१ पेशंट, सगळ्यांना टेल्मिसार्टनसारखी औषधं चालूच होती, त्यावर ही दिली तर किडनी फेल होणं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) दुप्पट होणं, किडनी किंवा हार्टमुळे मृत्यू हे सगळं मिळून ३० टक्क्यांनी कमी झालं. असा पुरावा मुळीच्या चित्रामागे आहे का, हे भावाला विचारा.

उत्तर | मीरा_फार्मा
मी फार्मसिस्ट आहे. चिनी औषधांत काहीच दम नाही असं मी म्हणणार नाही, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथूनच आलंय. डायबेटिक किडनीसाठी चीनमध्ये हुआंगची म्हणजे अ‍ॅस्ट्रॅगॅलसचं मूळ आणि लेइगोंगतेंग नावाची वेल वापरतात, काही अभ्यासांत लघवीतलं प्रोटीन कमी झालेलं दिसलंय, पण बहुतेक अभ्यास छोटे, थोड्या दिवसांचे, आणि पेशंटला काय दिलंय हे सगळ्यांनाच माहीत असलेले. प्रोटीन कमी झालं म्हणजे डायलिसिस टळलं असं धरता येत नाही. शिवाय त्या वेलीने लिव्हरला इजा होते, पांढऱ्या पेशी घटतात.

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. १९९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत फांगजी ह्या मुळीच्या जागी नावाने सारखी दुसरीच मुळी गेली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड होतं. शंभरावर लोकांच्या किडन्या खराब झाल्या, कित्येक जणी तरुण होत्या, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. म्हणून विचारते, पाकिटातली मुळी नक्की कोणती हे चित्रावरून कळणार कसं? ज्येष्ठमध असेल तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं, तेही बघावं लागेल.

उत्तर | निखिल७८
पाकीट, आतला कागद आणि मागचे दोन-तीन रिपोर्ट घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे जा, आणि एखादी कॅप्सूल पोटात गेली असेल तर तेही लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

सायली_क
दोघांचे मनापासून आभार. रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ब्रसेल्सचं परत वाच. बाबांनी दोन कॅप्सूल घेतल्यात असं आत्ता कळलं. पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवलंय, सोमवारी अपॉइंटमेंट आहे, भाऊपण येतोय.