सीक्वेन्स टाका, औषध ओळखा! मग लॅबला कुलूप लावायचं का?

रबाळेकर: परवा इथे एकाने लिहिलं, “अँटिबॉडीचा, म्हणजे औषध म्हणून टोचायच्या प्रथिनाचा, सीक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) कॉम्प्युटर मॉडेलमध्ये टाकला की ती गुठळ्या धरेल की नाही, घट्ट होईल की नाही, सगळं मॉडेल सांगतं. वेट लॅब, जिथे हे प्रत्यक्ष करून बघतात, ती म्हणजे फुकटचा खर्च.” डोकंच फिरलं. एमआयडीसीत केस पिकले माझे. गेल्या वर्षी एका कॅन्डिडेट अँटिबॉडीला मॉडेलने सगळीकडे हिरवा दिवा दिला. १५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत न्यायचं होतं, शंभरीतच पाकासारखी तार यायला लागली. पिपेटच्या टिपमध्ये चढेना, आणि हे म्हणे कातडीखाली टोचायचं! पीएच बदलला, आर्जिनिन हे अमिनो आम्ल घातलं, तेव्हा कुठे पातळ झालं. सीक्वेन्स तोच होता ना? मग मॉडेलला बफर, म्हणजे ती कसल्या द्रावणात आहे, हे कुणी सांगितलं होतं?

ऐरोली_पायथन: काका, एका किश्श्यावर निकाल? मॉडेल “हेच औषध” म्हणत नाही, ढिगातल्या नको त्या आधी बाजूला काढतं. ढिगातली प्रत्येक अँटिबॉडी सीएचओ पेशींत (हॅमस्टरच्या, त्यांच्यात अँटिबॉडी बनवतात) वाढवून शुद्ध करत बसणार होतात?

रबाळेकर: बाजूला काढलेल्यांत एखादी चांगली होती का, हे कोण बघतं? कुणीही नाही. आणि सीडीआरमध्ये (अँटिबॉडीचा लक्ष्याला चिकटणारा भाग) एनजी, म्हणजे अ‍ॅस्परॅजिन-ग्लायसिन ही जोडी, दिसली की डीअमिडेशनची, त्या जागी रासायनिक बिघाडाची भीती, हे सांगायला जीपीयू कशाला? डोळे आहेत आम्हाला.

ऐरोली_पायथन: त्या डोळ्यांना सगळे एनजी सारखेच दिसतात. उघड्यावरचा बिघडतो, घट्ट घडीत अडकलेला बरेचदा टिकतो. त्यासाठी प्रथिनाचं त्रिमितीय स्ट्रक्चर लागतं.

रबाळेकर: एवढं एक बरोबर बोललास. लगेच चढू नकोस.

खारघरची: मुद्दा डेटाचा आहे. अँटिबॉडीजचे गुणधर्म लॅबमध्ये मोजणाऱ्या २०१७ च्या एका पेपरात १३७ अँटिबॉडीज, १२ चाचण्या. पण त्या अँटिबॉडीज सगळ्या माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्या! ज्या वाटेतच मेल्या त्यांचे आकडे कंपन्यांच्या कपाटात. मॉडेल बिघाड ओळखायला शिकणार कशावरून?

ठाणे_पश्चिम: आणि तो डेटा काढतं कोण? एमएस्सी झालेली पोरं, कॉन्ट्रॅक्टवर, कोल्ड रूममध्ये नाक गळेपर्यंत. त्यावर कोड चालवणारा पगार घेतो तिप्पट.

ऐरोली_पायथन: आलं पगारावर! मग शिका ना कोडिंग, कुणी अडवलंय?

ठाणे_पश्चिम: तू ये एकदा नाइट शिफ्टला. लाइट गेली, जनरेटर लागला नाही, उणे ऐंशीचा फ्रीझर बोंबलायला लागला. मी एकटी ड्राय आइस शोधत फिरतेय. सकाळी मॅनेजर विचारतो, लॉगबुकात सही का नाही? पेपरात माझं नाव? आभारातसुद्धा नाही!

रबाळेकर: आभारात तरी कुणाचं असतं? आमच्या वेळी तर बसचाही पत्ता नव्हता. रबाळे स्टेशनपासून पायपीट, पावसात ट्रकचा चिखल अंगावर.

ऐरोली_पायथन: काका, बस मीपण चुकवतो. नावाचं म्हणाल तर मान्य, डेटा काढणाऱ्याचं नाव हवंच. तिप्पट मात्र नाही हं.

ठाणे_पश्चिम: बरं, अडीचपट. उपकार झाले.

खारघरची: मी काय विचारलं ते कुणी वाचलं का? फसलेल्यांचे आकडे उघड कोण करणार?

ठाणे_पश्चिम: आधी पगाराचे करा.